चामड्याची जाकिटे : किती जमवावी, किती ठेवावी

एका वैमानिकास एकच जाकीट, असा साधारण प्रघात होता. १९३१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने ‘ए-२’ या नावाचे चामड्याचे जाकीट मान्य केले. ते हाती देताना वैमानिकाच्या नावावर त्याची नोंद होत असे आणि त्यानंतरही जाकीट सरकारच्याच मालकीचे राहत असे. आज त्याच नमुन्याची वीस-वीस, तीस-तीस जाकिटे आपल्या कपाटात बाळगणारे शौकीन अमेरिकेत, इंग्लंडात व जपानात आढळतात. एकापासून तिसापर्यंत ही मजल कशी गेली, आणि त्या तिसांतून पुन्हा किती ठेवावी हा प्रश्न का उत्पन्न होतो, याची हकीकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

चामड्याची पारख हा ज्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, त्यांच्या स्मरणिकेत पायताण, मोट, पखाल, खोगीर यांविषयी लिहिले जाणे स्वाभाविक आहे. जाकिटाविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. त्याचे कारण उघड आहे. आपल्या हवेत ते अंगावर घालण्याचे दिवस वर्षातून पंधरा निघाले तरी पुष्कळ. आपल्या वाडवडिलांनी जाकिटे वापरली नाहीत. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांनी, विशेषतः धारावीत काम केलेल्यांनी, ती कापली व शिवली आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नव्हे. आजचे तरुण त्यास ‘लेदर जॅकेट’ म्हणतात; आम्ही जुना ‘जाकीट’ हाच शब्द योजितो.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात बहुतेक विमानांना वरून छप्पर नव्हते. दर हजार मीटर उंचीस हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते, आणि त्यात समोरून येणारा वारा. लोकरीच्या कपड्यातून असा वारा आरपार जातो. चामड्यातून जात नाही. म्हणून त्या काळचे वैमानिक गुडघ्यापर्यंत येणारे चामड्याचे लांब डगले वापरीत. अमेरिकेने १९१७ च्या सप्टेंबरात वैमानिकांच्या पोशाखाचा विचार करण्यासाठी एक स्वतंत्र मंडळच नेमले. परंतु आत बसावयाची जागा अरुंद, पायांशी यंत्राचे दांडे. लांब डगला तेथे अडचणीचा होई. तो हळूहळू आखूड होत कमरेपर्यंत आला. १९२७ चे ‘ए-१’ हे जाकीट गुंड्यांचे होते. चार वर्षांनी आलेल्या ‘ए-२’ ला चेन लागली. गिडियन सुंडबॅक यास या चेनीचे अमेरिकन पेटंट १९१७ साली मिळाले होते. तिला अंगरख्यावर स्थिरावण्यास दहा-पंधरा वर्षे लागली असे म्हणावयास हरकत नाही.

‘ए-२’ ची रचना पाहिली तर तीत डौलापेक्षा काटकसर अधिक दिसते. समोर दोन खिसे, त्यांना झाकणे. चेनीच्या मागे वारा अडविणारी एक पट्टी. मनगटाला व कमरेला लोकरीची विणीव पट्टी. गळपट्टी फडफडू नये म्हणून दाबाच्या गुंड्या. हात उबेला घालण्यासाठी बाजूचे खिसे नाहीत. चामडे बहुतांशी घोड्याचे, पुढे बकरीचेही. अमेरिकेच्या शेतांवर व रस्त्यांवर त्या काळी घोडे विपुल होते, म्हणून त्यांचे कातडे स्वस्त होते. पुढे ट्रॅक्टर व मोटारी आल्या, घोडे कमी झाले आणि घोड्याचे चामडे दुर्मिळ होत गेले. आजच्या संग्राहकांस जुन्या जाकिटाचे जे अप्रूप वाटते, त्याच्या मुळाशी पुष्कळ अंशी हा शेतीतील पालट आहे.

परंतु रापी हाती धरलेल्या माणसाचे लक्ष सर्वप्रथम जाईल ते या जाकिटाच्या पाठीकडे. ‘ए-२’ ची पाठ एका अखंड तुकड्याची असते. हे वाक्य वाचणाऱ्यास सोपे, कापणाऱ्यास अवघड. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट, पोटाकडचे सैल व ताणले जाणारे. मानेवर वळ्या, पुठ्ठ्यांवर दाटपणा. त्यात गोचिडीची भोके, तारेचे ओरखडे, डागणीच्या खुणा. हे सर्व चुकवून माणसाच्या दोन्ही खांद्यांस पुरेल इतका रुंद, एका जाडीचा आणि एका दाण्याचा तुकडा काढावयाचा म्हणजे उरलेल्या चामड्याचा मेळ मनात अगोदरच बसविलेला असावा लागतो. बाह्या कोठून, खिशांची झाकणे कोठून, गळपट्टी कोठून, हे पहिला काप देण्यापूर्वीच ठरते. शिवणीचेही तेच. कापडावरील चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्यात सुईने पाडलेले भोक बुजत नाही. अशी जाकिटे युद्धाच्या घाईत लाखांनी मोजावी इतकी तयार झाली, आणि त्यांतील पुष्कळ ऐंशी वर्षांनंतरही अंगावर घालण्याजोगी आहेत. यावरून त्या कारागिरांचा हात कळतो.

इंग्लंडात याच सुमारास निराळ्या वाटेने विचार झाला. लेस्ली अर्विन हा मूळचा अमेरिकन गृहस्थ. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायो राज्यात त्याने विमानातून उडी घेऊन, काही क्षण तसाच खाली येऊन, मग स्वहस्ते छत्री उघडून दाखविली. पुढे १९२६ साली त्याने इंग्लंडातील लेचवर्थ येथे कारखाना काढला. हवेत गारठण्याचा अनुभव त्याच्या अंगचा होता. त्याने १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत मेंढीच्या कातड्याचे, लोकर आत ठेवून, एक जाड जाकीट सिद्ध केले आणि इंग्रजी हवाई दलाने ते स्वीकारले. या अर्विन जाकिटांत युद्धाचा इतिहास शिवणींतून वाचता येतो. आरंभीच्या जाकिटांची पाठ व बाह्या मोठ्या तुकड्यांच्या आहेत. युद्ध लांबले, मोठी कातडी मिळेनाशी झाली, तसे तुकडे लहान व शिवणी अधिक होत गेल्या. सालाचा शिक्का नसला तरी जाणकार माणूस पाठीवरच्या जोडांवरून काळाचा अंदाज बांधतो.

आता या जाकिटांवर जे रंगकाम झाले त्याकडे वळू. कारखान्यातून निघालेले ‘ए-२’ तपकिरी व निरलंकृत असे. वैमानिकांनी ते तसे राहू दिले नाही. छातीवर आपल्या तुकडीचे चिन्ह, पाठीवर विमानाचे नाव, आणि प्रत्येक मोहिमेमागे एक लहानसा बाँब रंगविण्याची पद्धत पडली. इंग्लंडातून जर्मनीवर जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेक्या तुकड्यांत पंचवीस मोहिमा पुऱ्या केल्या म्हणजे माणसास घरी जाता येई. पुढे ही संख्या वाढविण्यात आली. पाठीवर अकरा बाँब रंगविलेले आणि बारावा नसलेले जाकीट पाहिले म्हणजे ते अकरावरच का थांबले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. बदली, जखम, कैद, मृत्यू, यांपैकी काय झाले ते जाकीट सांगत नाही.

याच रंगकामात हिंदुस्थानचाही भाग आहे, आणि तो आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. १९४२ पासून १९४५ पर्यंत आसामातील दिनजान, छाबुआ इत्यादी तळांवरून हिमालयाचे पूर्वेकडील डोंगर ओलांडून चीनमधील कुनमिंगपर्यंत माल पोहोचविला जाई. या मार्गावर पाचशेहून अधिक विमाने नष्ट झाली. जंगलात उतरण्याचा प्रसंग आलाच तर गावकऱ्यांनी मदत करावी म्हणून वैमानिकांजवळ निरनिराळ्या भाषांत विनंती छापलेले कापड असे. चीनमध्ये लढलेल्या काही वैमानिकांनी ते जाकिटाच्या पाठीवरच शिवून घेतले होते. चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या रणक्षेत्राचे एक ढालीच्या आकाराचे चिन्ह होते. वरच्या निळ्या भागात चीनचा सूर्य व हिंदुस्थानचा तारा, खाली तांबडे-पांढरे उभे पट्टे. ही चिन्हे अमेरिकेतून येत त्याहून कितीतरी सुबक स्वरूपात येथील कारागीर तयार करून देत. निरनिराळ्या रंगांच्या चामड्याचे बारीक तुकडे कापून, एकमेकांशेजारी बसवून, कडेने शिवलेली ती चिन्हे आज संग्राहकांच्या जगात फार मागणीची आहेत. त्यांच्या वर्णनात ‘हिंदुस्थानी बनावट’ एवढेच शब्द असतात. शिवणाराचे नाव, गाव, दुकान यांचा पत्ता नसतो. ज्या वैमानिकाने ते चिन्ह घातले त्याचे नाव, हुद्दा, तुकडी व मोहिमा शोधण्यात संग्राहक वर्षानुवर्षे खर्च करतात. ज्याने ते घडविले त्याच्याविषयी कोणी विचारीतही नाही. त्यात संग्राहकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपणच आपल्या कामाखाली नाव घालण्याची चाल ठेवली नव्हती.

१९४३ साली अमेरिकन लष्कराने नवी ‘ए-२’ घेणे थांबविले आणि कापडी जाकिटांवर भर दिला. चामड्यापेक्षा कापड लवकर मिळे, लवकर शिवून होई आणि स्वस्तही पडे. शिवाय पंचवीस हजार फुटांवर उणे तीस-पस्तीस अंशांच्या थंडीत नुसत्या ‘ए-२’ चा निभाव लागत नसे; तेथे लोकरी कातड्याचे ‘बी-३’ किंवा विजेने तापणारा पोशाख लागे. म्हणजे ज्या युद्धामुळे हे जाकीट जगप्रसिद्ध झाले, त्या युद्धाच्या मध्यावरच त्याची उपयुक्तता सरली होती. वैमानिक मात्र ते सोडावयास तयार नव्हते. अमेरिकन हवाई दलाने १९८८ साली ‘ए-२’ पुन्हा देण्यास आरंभ केला तो थंडीसाठी खचितच नव्हे.

युद्ध संपल्यावर लष्करी माल विकणाऱ्या दुकानांतून ही जाकिटे स्वस्तात विकली गेली. ती शेतकऱ्यांनी, ट्रकवाल्यांनी, विद्यार्थ्यांनी घातली व फाडली. दुसरीकडे मोटारसायकलस्वारांचे जाकीट स्वतंत्रपणे वाढत होते. न्यूयॉर्क येथील शॉट बंधूंनी १९१३ मध्ये काढलेल्या कारखान्याने १९२८ साली ‘परफेक्टो’ नावाचे, तिरप्या चेनीचे जाकीट आणले. नाव एका चिरुटावरून घेतलेले, किंमत साडेपाच डॉलर. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो याने या धाटणीचे जाकीट घातले आणि ते उनाड तरुणांची खूण ठरले. इंग्लंडच्या सेन्सॉर मंडळाने तो चित्रपट १९६७ पर्यंत अडवून धरला होता. सैनिकाच्या अंगावर जे सन्मानाचे, तेच दुकानातून घेऊन मोटारसायकलीवर घातले की संशयाचे. वस्तू बदलली नव्हती. या विषयावर पुष्कळ लिहिता येईल, परंतु तो आपला विषय नव्हे.

जमविण्याचा नाद खऱ्या अर्थाने वाढला तो युद्धानंतर एक पिढी उलटल्यावर. जाकिटे विरळ झाली होती, ती घालणारे म्हातारे झाले होते, आणि त्यांच्या मुलांना बापाच्या तरुणपणाचे कुतूहल वाटू लागले होते. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने ‘ए-२’ घातले होते. १९८६ च्या ‘टॉप गन’ ने नौदलाचे ‘जी-१’ लोकांच्या डोळ्यांपुढे आणले. जपानात तर जुन्या जाकिटांची हुबेहूब नक्कल करणारे कारखाने निघाले. त्यांतील एकाने आपले ‘बझ रिक्सन’ हे नाव मॅक्वीनच्याच १९६२ च्या एका चित्रपटातील पात्रावरून घेतले. हे कारखाने एका इंचात टाके किती, दोऱ्याचा रंग कोणता, गळ्यातील चिठ्ठी कशी विणलेली, येथपर्यंत मूळ वस्तूशी इमान राखतात. नक्कल इतकी उत्तम झाली की अस्सल ओळखणे हे आणखी एक शास्त्र होऊन बसले. जुन्या पण कोऱ्या जाकिटावर नवे रंगकाम करून ते युद्धातील म्हणून विकण्याचे प्रकारही सर्रास घडतात.

आता संख्येच्या प्रश्नाकडे येऊ. ‘ए-२’ चा नमुना एक, नकाशाही एकच, ‘३०-१४१५’ या क्रमांकाचा. परंतु लष्कराने ते शिवण्याची कंत्राटे वीसहून अधिक कारखान्यांना दिली. बीकन गावची एरो लेदर, मिडलटाउनची रफ वेअर, पकिप्सीची लेदर कोट कंपनी हे तर चामड्याचे किंवा कपड्यांचे कारखाने. पण शिकागोचा डुबो हा खेळाचे सामान करणारा आणि बॉस्टनची केबल ही रेनकोट करणारी. एकच नकाशा समोर ठेवूनही प्रत्येकाचा काप किंचित निराळा झाला. कोणाची गळपट्टी टोकदार, कोणाची गोल. कोणाचा खांदा रुंद, कोणाच्या खिशाचे झाकण वाकडे. गळ्यातील चिठ्ठीवर कारखान्याचे नाव व कंत्राटाचा क्रमांक असतो. एकदा का माणसाच्या मनाने घेतले की आपल्यापाशी प्रत्येक कारखान्याचे एक असावे, की तो वीसांवर गेला. प्रत्येक कंत्राटाचे एक म्हटले की तिसांच्या पुढे. आणि मग प्रत्येकाचे तपकिरी व तांबूस असे दोन्ही रंग म्हटले की त्याला अंत नाही. यास संग्राहक ‘पूर्णता’ म्हणतात. आम्हास ती पोस्टाच्या तिकिटांत समजते, कारण शंभर तिकिटे एका वहीत मावतात व त्यांना खावयास-प्यावयास लागत नाही. चामड्याचे तसे नाही.

या बाबतीत आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे उदाहरण आम्हास फार आवडते. १९३५ च्या आसपास, अमेरिकेत स्थायिक होत असताना, त्यांनी लेव्ही स्ट्रॉस कंपनीचे एक तपकिरी जाकीट घेतले. एप्रिल १९३८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते त्याच जाकिटात आहेत. त्यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की आइन्स्टाइन आपल्या गरजा कमीत कमी ठेवीत, आणि एका चामड्याच्या जाकिटाने त्यांचा कोटाचा प्रश्न कित्येक वर्षांपुरता मिटविला होता. २०१६ साली लंडनच्या ख्रिस्तीज येथे त्या जाकिटाचा लिलाव झाला. तेव्हाही त्यास पाइपच्या तंबाखूचा वास येत होता. मूळ कंपनीनेच ते १,१०,५०० पौंडांना विकत घेऊन आपल्या संग्रहात ठेवले. ज्याने एकच ठेवले त्याच्या जाकिटाला ही किंमत आली. कपाटात तीस असलेल्यांपैकी कोणत्या एकाला त्याच्या धन्याचा वास राहील?

आमच्या स्वतःच्या कपाटात एकेकाळी चौदा जाकिटे होती. बोटीवर नोकरीस असलेल्या चुलतबंधूंनी परदेशी बंदरांतून आणलेली तीन, मुंबईच्या चोरबाजारात वेळोवेळी सापडलेली सात, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी दिलेली दोन, एक मुलाने पाठविलेले नवे जपानी, आणि एक घरचेच. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांची काळजी घेणे म्हणजे काय, ते सांगतो. संग्रहालयांतील तज्ज्ञ चामड्यासाठी हवेतील आर्द्रता शेकडा पंचेचाळीस ते पंचावन्न असावी असे मानतात. शेकडा सत्तरच्या आसपास गेली की बुरशी धरू लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर दमट हवा आतच कोंडते. सुती खोळ बरी. खिळ्यावर टांगले तर मानेशी कायमची बोंडी येते. त्यास खांद्याएवढा रुंद लाकडी हँगर पाहिजे, कारण घोड्याच्या चामड्याचे जाकीट दोन-अडीच किलो भरते. लोकरी कातडे असेल तर त्यास कसर लागते ते वेगळेच. झाडाच्या सालीने कमावलेले जुने चामडे शहराच्या धुरकट हवेत वर्षानुवर्षे राहिले तर तांबड्या भुकटीसारखे झडू लागते; क्रोमने कमावलेल्यास हा रोग होत नाही.

तेल पाजण्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्या घरांतून याबाबत आग्रह फार. आमचे आजोबा मोटेला तेल पाजीत आणि ते योग्यच होते. मोट दिवसभर विहिरीत बुडे, उन्हात वाळे, तिचे तेल पाण्याबरोबर निघून जाई. कपाटात टांगलेल्या जाकिटाचे तेल कोठे जाणार? त्यास दर वर्षी तेल चोळले तर ते काळवंडते, धूळ धरते आणि बुरशीला खाद्य मिळते. संग्रहालयांनीही पूर्वीची नियमित तेल लावण्याची पद्धत आता सोडली आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे व मोकळ्या हवेत, उन्हाबाहेर, दोन तास ठेवणे एवढे पुरे. उत्तम म्हणजे ते अधूनमधून अंगावर घालावे. हालचालीने चामडे मऊ राहते.

हे पुसणे व हवा देणे पावसाळ्यात दर पंधरवड्यास करावे लागते. एका जाकिटास, खिसे व अस्तर धरून, अर्धा तास जातो. चौदांचे सात तास. वय झाल्यावर एका रविवारी पाठीस न दुखवता आम्ही अडीच तास उभे राहू शकतो. तेव्हा संख्या पाच ठरली. पुष्कळ मित्रांना हा हिशेब अरसिक वाटला. एकाने सुचविले की दुर्मिळ तेवढी ठेवावी. दुसऱ्याने, जी अंगास येतात ती ठेवावी. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दुर्मिळपणा बाजारावर व अंगास येणे पोटाच्या घेरावर अवलंबून, आणि दोन्ही बदलतात. संग्रहालयांचा व्यवहार आम्हास अधिक पटला. तेथे एकाच प्रकारच्या दोन वस्तू असल्या तर जिची हकीकत ठाऊक आहे ती ठेवतात व दुसरीस योग्य घर पाहतात. काढून टाकण्याचेही नियम असतात व त्याचीही नोंद होते. आम्ही चौदाही जाकिटे पलंगावर मांडली आणि प्रत्येकाजवळ एक कागद ठेवून त्यावर त्याविषयी आपणास निश्चित काय ठाऊक आहे ते लिहीत गेलो. आठ कागदांवर खरेदीचे साल आणि किंमत यांपलीकडे काहीच लिहून होईना.

ती आठ गेली. दोन लडाखमध्ये नोकरीस असलेल्या पुतण्याकडे. तेथे त्यांना खरे काम आहे. तीन एका तरुण संग्राहकाने घेतली, त्यास त्या कारखान्यांची हवीच होती. दोन नातवंडांनी नेली. एकाचे अस्तर कुजले होते. ते आम्ही स्वतः उसवून, तुकडे मोकळे करून, शिकाऊ मुलांना काप समजावा म्हणून शिवणकाम शिकविणाऱ्या एका स्नेह्यांस दिले. जपानी नवे जाकीट, त्याची हकीकत ठाऊक असूनही, मुलास परत केले, कारण ते त्याच्याच अंगावर शोभते. उरली पाच.

पाचांतील चार दाखविण्याजोगी आहेत. पाचवे, जे घरचे म्हणून वर सांगितले, त्यास कोणताही संग्राहक हात लावणार नाही. आमच्या धाकट्या चुलत्यांनी १९८० च्या दशकात धारावीतील एका दुकानात परदेशी पाठविण्याची जाकिटे कापली. शेकड्यांनी कापली. डाव्या बाहीवर गोचिडीचा एक डाग राहिल्याने एक जाकीट मालातून बाजूला काढले गेले, आणि ते मजुरीतून पैसे वळते करून त्यांनी घरी आणले. बकरीचे काळे चामडे, साधी चेन. गळ्यात चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठ्या परदेशातील दुकानदार पाठवी व त्या मोजून लावल्या जात. काकांनी ते रात्रपाळीहून येताना घातले आणि एरवी खुंटीवर ठेवले. त्याच्या कागदावर लिहावयास बसलो तेव्हा दोन्ही बाजू भरल्या. पाठ एकाच तुकड्याची आहे आणि कण्याची रेघ अगदी मध्यावर आली आहे. हे मुद्दाम साधावे लागते, आपोआप होत नाही. डाग त्यांनी बाहीच्या आतल्या अंगास वळविलेला आहे. काका हयात असताना आम्ही त्यांस विचारले होते की या दुकानात एकूण किती कापली असतील. त्यांनी बोटे मोजली व सोडून दिली.

मागल्या वर्षी आम्ही त्याच्या आतल्या खिशात एक सुती पट्टी हाताने शिवून घेतली. तीवर कापणाराचे नाव, गाव, दुकानाची गल्ली व साल असे न पुसणाऱ्या शाईने लिहिले आहे. टाके अस्तरातूनच घातले, चामड्यास भोक पाडले नाही.

ज्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या हातची अशी जाकिटे, पिशव्या, पट्टे किंवा युद्धकाळातील चामड्याची चिन्हे असतील, त्यांनी ती विकण्यापूर्वी वा टाकण्यापूर्वी कोणी, कोठे व केव्हा केली एवढे एका कागदावर लिहून तो कागद वस्तूच्या खिशात ठेवावा, आणि त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. वस्तू पाठविण्याची आवश्यकता नाही; कार्यालयातील कपाट एकच आहे व ते भिंतीच्या ओलीकडे आहे.